विनात्रास विचारी ख्रिस्ती: नवशिक्यांसाठी सोपा पाठ

बाप्तिस्मा झालेला आहे, रविवारची मिस्सा चुकत नाही, नाताळात दारावर तारा लागतो. एवढ्यावर आजवर निभावलं. आता निभत नाही. ऑफिसात डबा खाताना कुणीतरी विचारतं, ‘तुम्हा लोकांचं यावर काय म्हणणं असतं?’ आणि तुम्ही घाईघाईने केकचा विषय काढता. मुलगी कॉलेजात गेल्यापासून भरल्या ताटावर प्रश्न विचारते. धर्मग्रामाच्या सभेत पलीकडच्या आळीतला एकजण पोपच्या परिपत्रकाचं नाव घेतो, फादर त्याच्याकडे बघून मान डोलावतात, आणि तुम्ही मागच्या बाकावर छताचे पंखे मोजत बसता.

तेव्हा विचारी ख्रिस्ती होणं आता भाग आहे. घाबरू नका. त्यासाठी विचार करावा लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दडपण उतरेल. वसईच्या आळ्यांत, नगरच्या मिशन कंपाउंडांत आणि मुंबईच्या उपनगरांत मुरलेल्या जाणकारांचं कसब या पाठात एकत्र केलं आहे. नीट गिरवलात तर क्रूस गळ्यातच राहील, खांद्यावर येणार नाही.

लागणारं साहित्य: चेनवाल्या काळ्या कव्हरातलं बायबल (कव्हर झिजलेलं हवं, पानं कोरी करकरीत असली तरी चालतील), भरपूर डेटा असलेला मोबाइल, एखाद्या थोर ख्रिस्ती व्यक्तीची फ्रेम, आणि वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा. सातबारा तूर्त कपाटात राहू द्या. तो आठव्या पायरीला लागेल.

१. वाचा, आणि वेळेवर थांबा

बायबल रोज वाचा. न वाचता विचारी दिसणारे आहेत, पण ते वरच्या इयत्तेचं काम. नवशिक्याने वाचावं. फक्त कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे.

जक्कयाची गोष्ट घ्या. जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, अंगाने बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो. मुलांना ही गोष्ट फार आवडते. धर्मशिक्षणाच्या वर्गात एकाला झाड करा, एकाला जक्कय करा, टाळ्या वाजवा आणि वर्ग सोडा. झाडावरून उतरल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं ठरवलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं, तो भाग वेळेअभावी राहून जाऊ द्या. मुलं घरी जाऊन बापाला काय विचारतील याचा भरवसा नसतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शेवटपर्यंत वाचायला हरकत नाही. आपण त्यातले कोण एवढं आधी ठरवून घ्या. आपण शोमरोनी. कायम शोमरोनी. रस्त्यावरच्या जखमीला बघून पलीकडच्या कडेने सटकलेला याजक आणि लेवी ही दुसरी माणसं, बहुधा शेजारच्या पॅरिशमधली. शोमरोनी म्हणजे त्या काळच्या यहुद्यांना दारातही नकोसा असलेला माणूस, हे एखादे अभ्यासू फादर समजावून सांगू लागले तर घड्याळ बघा. नाहीतर चाळीतली खोली बिनकराराने ज्याला भाड्याने दिली आहे आणि ज्याला आपण घरात ‘तो भय्या’ म्हणतो, तोच गोष्टीत शिरून जखमीला गाढवावर बसवू लागेल.

उंट आणि सुईचं नेढं हा उतारा टाळणं कठीण, कारण लोक तो मुद्दाम तुमच्या तोंडावर मारतात. त्यावर जाणकारांचा तोडगा असा: जेरुसलेमच्या तटाला ‘सुईचं नेढं’ नावाचा एक बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून उंट गुडघ्यावर रांगत त्यातून जात असे. असा दरवाजा असल्याचा कसलाही पुरावा नाही. तरी चिंता नको. प्रवचनांतून हा दरवाजा पिढ्यान् पिढ्या उघडा आहे आणि त्यातून आजवर बरेच उंट गेले आहेत.

२. पूर्वज निवडा, पुरेसे मेलेले

थोर पूर्वजांची आपल्याकडे वाण नाही. सुरुवात फादर थॉमस स्टीफन्सपासून करा. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेला हा जेझुइट, ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलेलं, ओव्या सुमारे अकरा हजार. त्यातली मराठीची थोरवी गाणारी ओवी पाठ असली की झालं. ती कुठल्याही व्यासपीठावर चालते, टाळ्या घेते, आणि तिच्यात येशू येत नाही. भाषण संपवून गाडीत बसलात की मुलांशी इंग्रजीत बोला.

पंडिता रमाबाईंची फ्रेम दिवाणखान्यात शोभून दिसते. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. इतकं सांगा आणि पाहुण्यांना चहा द्या. कारण पुढची हकिकत घरात सांगण्यासारखी नाही. ज्या अँग्लिकन धर्मभगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच बाईंनी पत्रांतून लांबच लांब वाद घातला. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीत मान अडकवायला नव्हे, अशा अर्थाचं कळवलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, ती मला कळत नाहीत आणि माझ्या लोकांनाही कळत नाहीत, असं म्हणाल्या. इंग्लंडातही मांसाहार केला नाही. आणि इंग्रजांचा धर्म घेतला म्हणून इंग्रज सरकारशी तरी नमतं घ्यावं? १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांची काय अवस्था होती ते वर्तमानपत्रात छापून आणलं, गव्हर्नरापर्यंत प्रकरण गेलं. अशी बाई आज आपल्या धर्मग्राम परिषदेवर निवडून आली तर बैठका मध्यरात्रीपर्यंत चालतील. फ्रेममध्येच बऱ्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंही तेच. भजनं गा, डोळे मिटून गा. १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही बसायला जागा ठेवली, ही माहिती पाळकांपाशी न काढलेली बरी. तुम्ही मिशनच्या शाळेत नोकरीला असाल तर पगाराचा भाग घरीही काढू नका.

३. उपवासकाळ पाळा

राखेच्या बुधवारपासून शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य. मासळी चालते. म्हणून शुक्रवारी पापलेट आणा, मोठं आणा, आणि त्याच्या तुकड्याकडे बघत अरण्यातल्या चाळीस दिवसांच्या उपासाचं मनन करा. हल्लीचा भाव ऐकल्यावर त्याग घडल्याची भावना आपसूक येते.

४. संस्कृतीचं रक्षण करा, शक्यतो परक्याच्या

विचारी ख्रिस्ती आधुनिक संस्कृतीविषयी चिंतित असतो. चिंता कशाची करायची ते यूट्यूबवर तयार मिळतं. सुटातला एखादा अमेरिकन प्रचारक शोधा. त्याच्या देशात शाळेत प्रार्थना हवी की नको, बंदूक कुणाच्या हाती असावी, राष्ट्राध्यक्ष कोण देवाने नेमला, या गोष्टींवर तो इतक्या तावातावाने बोलतो की नालासोपाऱ्याहून सकाळची फास्ट लोकल पकडतानासुद्धा तुमचं रक्त तापेल. तापू द्या. लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या पोराकडे लक्ष जात नाही, हा त्याचा उपफायदा.

याच मालिकेत शेवटच्या काळाची चिन्हं येतात. आधार कार्डात ६६६ शोधा. सापडला नाही तर करोनाच्या लशीत शोधा. पश्चिम आशियात कुठेही तोफ डागली की नकाशा उघडा आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकाशी ताडून बघा. तिथे मेलेल्या लेकरांची मोजदाद मात्र करू नका, भविष्यवाणीच्या हिशेबात ती बसत नाही.

सिनेमा, नाटक, पुस्तक यांचा निषेध करण्याची संधी अधूनमधून येते. २००६ साली ‘द दा विंची कोड’ पडद्यावर आला तेव्हा मुंबईत निदर्शनं झाली होती, जुन्या लोकांना आठवत असेल. निषेधाचा नियम एकच: मूळ वस्तू वाचू-बघू नये. वाचलं की निषेधाची धार जाते, आणि ‘कादंबरी तशी सुमारच आहे’ एवढं बोलून माणूस घरी जातो. भावना दुखावून घेताना मात्र काळजी घ्या. आपल्या दुखावल्या म्हणून दुसऱ्यांच्याही दुखावतात हे कबूल करावं लागतं, आणि पुढच्या वेळी कुणी आपल्याच धर्मगुरूचं पुस्तक बंद पाडायला आलं तर बोलायला तोंड राहत नाही. ती वेळ आली की तब्येतीचं कारण सांगा.

५. राजकारण: दोन वाक्यं पुरतात

पहिलं वाक्य: ‘चर्चने राजकारणात पडू नये.’ दुसरं: ‘चर्च गप्प का बसलं?’ दोन्ही पाठ करा. कुठलं कधी काढायचं एवढंच शिकणं आहे. फादर प्रवचनात जमीन, पाणी, टँकर असं काही बोलायला लागले की पहिलं. मेव्हण्याच्या मॅरेज हॉलची परवानगी महापालिकेत अडकली की दुसरं.

निवडणूक तोंडावर असली की नाताळात उमेदवार येतोच. डोक्यावर लाल टोपी, गोठ्यापुढे फोटो, बाळ येशूकडे पाठ. त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि दफनभूमीच्या वाटेसाठी पेव्हर ब्लॉक मागा. मिळतात. निधी त्यासाठीच असतो. ब्लॉक बसले की मत कुणाला, हा प्रश्न सदसद्विवेकापर्यंत जातच नाही. बिशप ‘विवेकाने मतदान करा’ असं पत्र काढतात ते चर्चच्या दारातल्या फळ्यावर लावा, ब्लॉकवरून चालत येताना नीट वाचता येतं. हाच उमेदवार गेल्या आठवड्यात दुसऱ्या गावात दुसऱ्या धर्माच्या वस्तीविषयी काय बोलला, हे विचारणं म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याचा अपमान. आपल्याविषयी तर गोडच बोलला ना?

उत्तम शुक्रवारी आपण ऐकतो, की जमावापुढे येशू आणि बरब्बा असे दोघं ठेवले आणि जमावाने बरब्बा मागितला. दर वर्षी आपल्या मनात येतं, काय मूर्ख लोक! बरब्बाने पेव्हर ब्लॉक दिले होते का, याचा शास्त्रात उल्लेख नाही.

कुणी कर भरण्यावरून, सरकारशी वागण्यावरून छेडलं तर कैसराच्या नाण्याची गोष्ट सांगा. नाण्यावर कैसराची छबी, म्हणून नाणं कैसराचं. इथे थांबायचं, पहिली पायरी आठवा. ‘मग माणसावर कुणाची छबी आहे?’ असं मुलीने विचारलंच तर अभ्यासाला बस म्हणा.

आणि सगळ्यात सुरक्षित आदर्श हवा असेल तर पोंती पिलात. त्याला दोष सापडला नव्हता, तसं त्याने बोलूनही दाखवलं, मग दोन्ही बाजूंचा मान राखून हात धुतले. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात येशू आणि मारियेखेरीज कुणा माणसाचं नाव येत असेल तर त्याचं. पेत्राचंसुद्धा येत नाही. तटस्थ माणसाला इतिहास विसरतो, असं कोण म्हणतं?

६. छळाविषयी कळकळ बाळगा

छळ लांबचा निवडा. मोबाइलवर जळत्या चर्चचा फोटो येईल, तो कुठल्या देशातला, कुठल्या सालचा हे बघत बसू नका. खाली हात जोडलेली चित्रं टाकून पुढे पाठवा. २०२३ च्या मे महिन्यात मणिपुरात खरोखरच चर्च जळाली, माणसं मारली गेली, हजारो बेघर झाले. तिथे कोण कुणाविरुद्ध, जमिनीचा प्रश्न काय, जमातींचा काय, हे समजून घ्यायला आठवडे लागतात. फोटो पाठवायला क्षण पुरतो.

जवळच्या छळाला मात्र वेगळी पद्धत आहे आणि ती फादर स्टॅन स्वामींच्या बाबतीत आपण सगळ्यांनी उत्तम पाळली. झारखंडात आदिवासींच्या जमिनीच्या आणि तुरुंगात डांबलेल्या तरुणांच्या प्रश्नांवर काम करणारा हा जेझुइट. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक, मग तळोजा तुरुंग. पार्किन्सनने हात थरथरायचे, पेला धरवत नव्हता, म्हणून पाणी प्यायला नळी आणि सिपर मिळावा यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात, अजून जामिनाच्या प्रतीक्षेत, चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले.

अशा वेळी विचारी ख्रिस्ती माणसाने टप्प्याटप्प्याने वागावं. अटक झाल्यावर: ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ तुरुंगात असताना: ‘काहीतरी असल्याशिवाय का धरतील?’ हे घरात, दार लावून. इस्पितळात नेल्यावर: ‘प्रार्थना करू या.’ गेल्यावर: मेणबत्ती, काळी फीत, डीपी बदलणं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तुरुंगातल्याला भेटायला गेलेल्यांचा उल्लेख आहे, पण वसईहून तळोज्याला जायचं म्हणजे घोडबंदर रोड, आणि घोडबंदरच्या वाहतुकीची मत्तयाला कल्पना नव्हती.

७. जात नाही असं ठामपणे सांगा

ठामपणा आवाजात हवा. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राचा दाखला द्या: यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, सगळे भेद ख्रिस्तात संपले. मग मुलासाठी स्थळ बघायला निघा. वसईत असाल तर सामवेदी की वाडवळ, कोळी की ईस्ट इंडियन. गोव्याकडचे असाल तर बामण की चारडो की सुदिर. पौलाला लग्नाची मुलगी नव्हती, हे ध्यानात ठेवा.

तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत जातीजातींची प्रेतं वेगळी ठेवायला भिंत घातलेली आहे, हे ऐकून हळहळा. आपल्याकडे भिंत नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेवरच काम भागतं.

सरकारही या पायरीला हातभार लावतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर. म्हणजे नगर-मराठवाड्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, त्यांची जात कागदावर संपली आणि गावात शिल्लक राहिली. या मागणीचा मोर्चा निघाला तर पाठिंब्याचा ठराव करा. ठराव सोसायटीच्या हॉलमध्ये करा, मोर्चा उन्हात असतो. मग त्या मंडळींपैकी कुणी आपल्या पॅरिशच्या शाळेत शिपायाऐवजी मुख्याध्यापक व्हायला आलं तर मात्र गुणवत्तेचा प्रश्न उपस्थित करा.

८. आता सातबारा बाहेर काढा

ही पायरी सावकाश घ्या. आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या हिच्याचसाठी होत्या.

वसईतल्या आपल्या आज्यांनी केळीच्या बागा केल्या, पानवेली चढवल्या, मोगरा आणि भाजी मुंबईला नेऊन विकली. वाडीच्या कडेला बावखल असायचं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, विहिरी गोड राहायच्या, उन्हाळ्यात शिंपण व्हायचं. एवढी माहिती नातवंडांना सांगा, ती शाळेच्या प्रकल्पात वापरतात. मग बिल्डरला फोन करा.

विकताना मन खात असेल तर धार्मिक कारणं अशी: देवाने दिलेल्या संपत्तीचा सदुपयोग, मुलाचं कॅनडाचं शिक्षण, आणि ‘सगळेच विकतायत’. तिसरं कारण शास्त्रात नाही, तरी पारंपरिक आहे. व्यवहारात रोखीचा भाग किती आणि कागदावरचा किती, हे पापनिवेदनात सांगायचं की नाही यावर दोन मतं आहेत. बहुमताचं मत वेगळं सांगायला नको. आलेल्या रकमेतून चर्चला एक पंखा, एक बाक किंवा लूर्दमातेची गुहा द्या आणि नाव संगमरवरात कोरून घ्या. जक्कयाने अर्धं दिलं होतं. पण तेव्हा संगमरवर बहुधा महाग असावा.

बावखल बुजवायची वेळ आली तर आधी त्यात राडारोडा पडू द्या. वर्षभर पडला की ते बावखल राहत नाही, डबकं होतं. डबक्यात डास होतात. डास म्हणजे आरोग्याचा प्रश्न. मग बुजवणं ही समाजसेवाच ठरते, आणि तिच्यावर तीन मजली चाळ उभी राहते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्याखाली होतं, लोकल बंद, वीज बंद, लोक गच्चीवर. पाणी आपल्या घरात शिरलं तर ती देवाने घेतलेली परीक्षा समजावी. त्या भाडेकऱ्याच्या खोलीत शिरलं तर तो महापालिकेचा नाकर्तेपणा.

या पायरीवर एक अडथळा ठाऊक असायला हवा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’चं आंदोलन घेऊन रस्त्यावर उतरले, टँकर लॉबी आणि जमीनवाले यांच्याशी त्यांनी उघड वैर घेतलं. नंदाखालचा हा शेतकऱ्याचा मुलगा, ‘सुवार्ता’चा संपादक, आळीतल्या बाया-माणसांना घेऊन मोर्चे काढायचा. पुढे २०२० साली ते उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, धर्मगुरू कसा काय अध्यक्ष म्हणून बाहेरच्यांनी ओरड केली, तेव्हा आपण सगळे छाती फुगवून त्यांच्या मागे उभे राहिलो. उभं राहायला तो योग्य प्रसंग होता, कारण त्यात आपली जमीन जात नव्हती. जुलै २०२४ मध्ये ते गेले, आता दुसऱ्या पायरीचा नियम त्यांनाही लागू होतो: फ्रेम मोठी करा, व्याख्यानमाला ठेवा. व्याख्यानमालेला प्रायोजक लागतो. बिल्डर आनंदाने देतात.

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे २०१५ चं परिपत्रक या विषयावर आहे, पृथ्वी आपलं सामायिक घर आहे असं त्यात सांगितलं आहे. सभेत त्याचं नाव घ्या. तो पलीकडच्या आळीतला माणूस तेच घेत होता. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या निर्मितीच्या काळात एक रोप लावा आणि फोटो काढा. विकलेल्या वाडीत लावू नका, तिथे आता पार्किंग आहे.

९. प्रार्थना करा, तपशिलासकट

दुसऱ्यांच्या भानगडी बोलणं पाप. त्याच प्रार्थनेसाठी मांडणं पुण्य. ‘अमक्यांच्या सुनेला प्रार्थनेत ठेवा, ती महिनाभर माहेरी आहे, आणि तो बँकेतला माणूस... असो, प्रभूला सगळं ठाऊक आहे.’ प्रभूला ठाऊक असतं, बाकीच्यांना सांगावं लागतं. चंगाई सभेत आजारी माणसाला वर न्या, इस्पितळाच्या बिलाची वर्गणी मागायला लागले की खाली आणा.

प्रथमोपचार

एवढी खबरदारी घेऊनही कधी कधी विचार येतो. बहुतेकदा मिस्सेत, शांततेच्या वेळी येतो. लक्षणं ओळखायला सोपी: शुभवर्तमानातलं एखादं वाक्य दुसऱ्या कुणासाठी नसून आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं, तळहाताला घाम येतो, कपाटातला सातबारा डोळ्यांपुढे दिसतो. घाबरू नका, थोरामोठ्यांनाही झालं आहे.

पहिला उपाय, खोकणे. दुसरा, पंख्यावरची देणगीदारांची नावं वाचणे, त्यात आपलं सापडलं की बरं वाटतं. तिसरा, प्रवचन लांबलं अशी शेजाऱ्याकडे हळू आवाजात तक्रार. एवढ्यानेही उतरलं नाही आणि मुलगी बाहेर पडताना विचारती झाली की बाबा, आपल्या आळीतलं शेवटचं बावखल उरलंय ते तरी वाचवायचं का, तर तिला नाही म्हणू नका. नाही म्हटलं तर ती स्वतःच काहीतरी करेल.

पुढच्या रविवारच्या सभेत उभे राहा, विषय गंभीर आहे असं म्हणा आणि अभ्यास समिती नेमण्याची सूचना मांडा. अनुमोदन मिळतं. समितीत फादर असू द्या, एक वकील असू द्या, बिल्डरांपैकीही एकजण असू द्या, सर्व बाजू ऐकल्या पाहिजेत. मुलीला चिटणीस करा, इतिवृत्त लिहिण्यात तिचं वर्ष जाईल. अध्यक्ष तुम्ही. पहिली बैठक सण झाल्यावर ठेवा. कुठला सण, ते नोटिशीत लिहू नका.